ट्रायलला झकास, फायनलला उजवीकडे उंच : डिजिटल कवळीबद्दल

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि आमच्या घरातलं ते अख्खं वर्ष डोळ्यांसमोर आलं. तुमच्या आईंची डिजिटल (कॉम्प्युटरवर आखून मशीनवर केलेली) कवळी, ट्रायलला चावा जुळला होता, दातही सगळ्यांना आवडले होते. फायनल आली तर उजवीकडची दाढ आधी लागते, खालची कवळी डावीकडून उचलते, बोलताना दात टकटक वाजतात. आणि क्लिनिकवाले म्हणतात, "मशीनवर केलीय, चूक व्हायचा प्रश्नच नाही, सवय होईल." आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. वडिलांच्या बाबतीत शब्दन् शब्द हेच ऐकलंय, म्हणून जरा लांबण लावतोय.

मी डेंटिस्ट नाही, बँकेतून रिटायर झालेला माणूस. तोंडात न बघता निदान करता येत नाही, त्यामुळे खालचं सगळं 'विचारून बघा' या पातळीवर घ्या. माप, बाईट (वरचा-खालचा जबडा कसा जुळतो त्याची नोंद), हाड झिजणं हे तुम्हाला माहीत असणारच, त्यात शिरत नाही.

क्लिनिकला पहिला प्रश्न हा विचारा : फायनल कवळीत दात आणि गुलाबी भाग प्लास्टिकच्या एकाच चकतीतून सलग कोरलेत, की दात वेगळे करून खाचेत चिकटवलेत? आणि ट्रायलची कवळी कशी केली होती?

बहुतेक ठिकाणी ट्रायलची कवळी दातांसकट एकसंध प्रिंट करतात. म्हणजे कॉम्प्युटरवरच्या डिझाइनच्या फाइलमध्ये दात जिथे, तिथेच ट्रायलमध्ये. फायनलला मात्र गुलाबी बेस मशीन कोरतं, त्यात दातांसाठी खाचा ठेवतं आणि दात नंतर कुणीतरी हाताने चिकटवतं. खाच तंग झाली तर दात पूर्ण खाली बसत नाही, ढिली झाली तर फिरतो. आमच्या सराफ कट्ट्यावर कुणालाही विचारा, कोंदण कितीही अचूक असू दे, खाली लाख जास्त झाली की खडा वर राहतोच. आणि मागची दाढ अर्धा मिलिमीटर जरी वर राहिली, तरी पुढे दातांत त्याहून मोठी फट पडते, कारण जबडा मागच्या सांध्यावर फिरतो.

जुन्या पद्धतीत दात हलत नव्हते असं नाही. पावडर-लिक्विडचं ॲक्रिलिक पक्कं होताना आकारमानाने सहा-सात टक्के आकसतं, त्या ओढीत दात सरकतात. म्हणून जुने टेक्निशियन कवळी शिजून निघाली की परत आर्टिक्युलेटरवर (जबड्यासारख्या उघड-मिट करणाऱ्या साच्यावर) चढवून चावा तपासायचे. मशीनने कोरायची (मिलिंगची) चकती कारखान्यातच दाब देऊन पक्की केलेली असते, त्यामुळे कोरल्यावर ते आकसणं उरत नाही. पण हे झालं बेसचं. 'डिजिटल आहे' म्हणून लॅबने तपासणीची पायरीच गाळली, तर दातांचं काय झालं ते कुणालाच कळत नाही. २०१८ साली 'जर्नल ऑफ प्रोस्थेटिक डेंटिस्ट्री'मध्ये वेगवेगळ्या पद्धतींत दात किती हलतात याची तुलना आली होती. त्यात सलग कोरलेली कवळी सगळ्यांत अचूक ठरली, दात चिकटवलेली डिजिटल कवळी तिच्या मागे. दोन्हींच्या बिलावर 'डिजिटल' हाच शब्द असतो, ही खरी गंमत. फायनलही प्रिंटेड असेल तर छापल्यावर धुणं आणि प्रकाशात पक्कं करणं या पायऱ्या वाढतात, तिथेही आकार बिघडू शकतो.

आता आमची कथा. वडिलांची वरची कवळी टाळूला अशी धरायची की काढताना टक् आवाज यायचा. त्यामुळे सगळ्यांनीच ठरवून टाकलं की कवळी उत्तम आहे, म्हातारा कुरकुर्‍या आहे. वडिलांचं म्हणणं एवढंच : "बसते छान रे, पण चावत नाही." भडंग तर सोडाच, वरणात कुस्करलेली भाकरीही एकाच बाजूने. खालच्या हिरडीवर उजवीकडे फोड बरा झाला की दुसरा तयार.

क्लिनिकने मोठ्या शहरातल्या लॅबला कळवलं. लॅबचं 'सपोर्ट' खातं पेशंटच्या घरच्यांशी बोलत नाही, फक्त क्लिनिकशी, तेही मेलवर. बऱ्याच पाठपुराव्यानंतर त्यांनी एक रंगीत नकाशा पाठवला. कवळी स्कॅन करून फाइलवर बसवलेली, फरक असेल तिथे लाल-निळा, नसेल तिथे हिरवा. सगळं हिरवंगार. "बघा काका, पर्फेक्ट आहे." मला तेव्हा त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. नंतर एका जाणकाराने दाखवलं की तो नकाशा कवळीच्या आतल्या बाजूचा होता, हिरडीवर टेकते त्या. दातांची बाजू त्यात घेतलीच नव्हती! तक्रार दातांची, आणि दाखला दिला तळाचा.

त्याहून महाग पडलं ते घासणं. दर भेटीत निळा कागद चावायला द्यायचा, निळा ठिपका उमटेल तिथे घासायचं. कवळी मऊ हिरडीवर बसलेली असते, चावलं की जराशी सरकते. मग ठिपका उमटतो एकीकडे आणि मूळ अडचण असते दुसरीकडे. घासून घासून उजवीकडच्या दाढा पाटीसारख्या सपाट झाल्या. आणि शेवटी लॅब काय म्हणाली? "क्लिनिकने दात घासलेत, आता वॉरंटी लागू नाही." क्लिनिक म्हणे लॅबने सांगितलं म्हणून घासलं. दोघांच्या मधे वडील, पातळ खिचडीवर. आज लिहितानाही डोकं फिरतं.

पुढे एका डेंटल कॉलेजच्या प्रोस्थो (कवळ्या, कृत्रिम दातांच्या) विभागात गेलो. तिथल्या पीजीच्या मुलीने नवा बाईट घेऊन दोन्ही कवळ्या आर्टिक्युलेटरवर चढवल्या. हिरडीचा मऊपणा बाजूला गेल्यावर लगेच दिसलं : उजवीकडच्या दाढा खाचेत पूर्ण बसलेल्याच नव्हत्या, एक तर बाहेरच्या बाजूला फिरलेली. बेस ठीक होता. पण दाढा इतक्या घासल्या होत्या की दुरुस्तीला काही उरलंच नव्हतं. नवी कवळी, परत पैसे. ती मात्र चालली.

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या : आईंच्या कवळीला आणखी घासू देऊ नका. आधी 'क्लिनिकल रिमाउंट' करा म्हणावं, म्हणजे तोंडाबाहेर आर्टिक्युलेटरवर चावा तपासणं. दातांच्या बाजूचा स्कॅन फाइलशी ताडून मागा. आजच्या स्थितीत दोन्ही कवळ्यांचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा. ट्रायलची कवळी क्लिनिकमध्ये असेल तर ती टाकू देऊ नका, तुलनेला तिच्याइतका पुरावा नाही. चूक बाईटमध्येच होती असंही निघू शकतं, तेव्हा लॅबवर लगेच तुटून पडू नका. (मी पडलो असतो, पण फोन उचलत नव्हते.)

घरी एक करून बघता येईल. आईंना 'सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट' म्हणायला लावा. स म्हणताना वरचे-खालचे दात जवळ येतात, पण टेकायला नकोत. टकटक वाजत असतील तर चाव्याची उंची जास्त असण्याची शक्यता आहे. शक्यताच, खात्री नव्हे.

बिलावर नुसतं 'डेंचर' नको, पद्धत लिहून घ्या. आमच्याकडे ते नव्हतं, त्यामुळे भांडायला हातात काही नव्हतं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला २ वर्षांची मुदत असते. आमच्या वडिलांना कोर्टकचेरी नको होती, तो विषय तिथेच संपला. आणि हो, कवळी गरम पाण्यात घालू नका, टूथपेस्टने घासू नका. हे आमच्या शेजारच्या काकू अजून करतात.

तुम्ही कराडच्या, तिथेही डेंटल कॉलेज आहे, सांगलीतही आहे. प्रोस्थो विभागात दाखवा. रिमाउंटची वेळ सकाळची घ्या आणि आदल्या रात्री आईंना कवळी काढून ठेवायला सांगा. दाबलेल्या, सुजलेल्या हिरडीवर बाईट घेतला तर तोही चुकीचाच येणार.