गावात, ओव्हन नसताना शाकाहारी फ्रेंच ओनियन सूप कसं करावं? माझं फिक्कं आणि गोडगोड झालं.

वीस मिनिटं कांदा परतून पाणी घातलं, असं तुम्ही लिहिलंय. गडबड तिथेच झाली. वीस मिनिटांत कांदा शिजतो, पण तांबूस व्हायला त्याला तास लागतो. रश्शासाठी आपण कांदा मोठ्या आचेवर लाल करतो किंवा निखाऱ्यात भाजतो. तिथे थोडा करपला तरी मसाला सांभाळून घेतो. या सुपात सांभाळून घ्यायला काही नसतं.

चौघांना एक किलो कांदा लागतो. साठवणीचा उन्हाळी कांदा घ्या, खरिपाचा ओला कांदा फार पाणी सोडतो. देठाकडून मुळाकडे उभा, 3-4 मिलिमीटर जाडीचा चिरा. आडवा चिरला तर तासाभरात लगदा होतो. लोखंडी कढई नको. शेवटी आंबट घालायचं असल्यानं सूप काळपट होतं आणि लोखंडाची चव उतरते. पाच लिटरचा कुकर, शिटी न लावता, यासाठी सगळ्यात बरा.

दोन मोठे चमचे तूप, एक चमचा तेल. घरचं लोणी असेल तर कढवूनच वापरा, नाहीतर त्यातला ताकाचा अंश तळाला जळतो. कांदा आणि अर्धा चमचा मीठ घालून झाकण ठेवून दहा मिनिटं. मग झाकण काढून सुटलेलं पाणी आटवा. त्यानंतर आच मंद करून 35-40 मिनिटं, दर तीन-चार मिनिटांनी सराट्यानं (उलथण्यानं) तळ खरवडत राहा. चुलीवर करत असाल तर लाकडं बाहेर ओढून नुसत्या निखाऱ्यांवर ठेवा. तळाला तपकिरी थर धरला की दोन चमचे पाणी शिंपडा आणि तो सोडवून कांद्यात मिसळा. असं तीन-चारदा करायचं. सुपाचा रंग आणि अर्धी चव या थरातच असते. थर काळा पडला तर मात्र खरवडू नका, वरचा कांदा दुसऱ्या गंजात (पातेल्यात) काढून घ्या. कांदा काळसर गुळाच्या रंगाचा झाला आणि दीडेक वाटी उरला की झालं. साखर घालून रंग आणू नका, तुमचं सूप आधीच गोड आहे. खायचा सोडा चिमूटभर घातला तर रंग लवकर येतो खरा, पण कांदा विरघळतो.

मूळ सुपात गोमांसाचा स्टॉक असतो. त्याचा दाटपणा आणि खोल चव दोन्ही भरून काढावी लागते. दीड लिटर पाण्यात तव्यावर डागलेले दोन टमाटे, एक गाजर, सहा लसूण पाकळ्या, सांभाराच्या (कोथिंबिरीच्या) काड्या, आठ मिरे, एक तेजपान आणि मूठभर वाळलेली धिंगरी (अळिंबी) घालून 40 मिनिटं मंद उकळा, गाळा. कोबी घालू नका, वास मारतो. धिंगरी नसेल तर दोन चमचे सोया सॉस. मूळ सुपात थाईम नावाचा सुवासिक पाला घालतात, तो शोधत तालुक्याला जायची गरज नाही. त्याला वास देणारं थायमॉल ओव्यातही असतं, पण दहाच दाणे घाला, जास्त झाले तर सूप पोटदुखीचा काढा वाटेल.

तयार कांद्यावर एक चमचा मैदा दोन मिनिटं परता, स्टॉक ओता, 20 मिनिटं उकळा. शेवटी एक चमचा व्हिनेगर, ते मूळ सुपातल्या वाइनच्या जागी. गोडी यानंच मोडते. चव घ्या, लागलं तर आणखी अर्धा चमचा.

या सुपावर पाव आणि चीज ठेवून ते ओव्हनमध्ये भाजतात. त्या चीजबद्दल एक सांगतो. मूळ सुपावरचं ग्रुयेर चीज वासराच्या जठरातल्या रेनेटनं (दूध गोठवणाऱ्या पदार्थानं) बनतं, म्हणजे ते शाकाहारी नाहीच. हिरवा ठिपका बघून मोझरेला किंवा प्रोसेस्ड चीज घ्या. पाव जाड कापून तव्यावर कडक होईस्तोवर शेका, मऊ राहिला तर सुपात लगेच विरघळतो. बाजारातला टोस्ट घेऊ नका, तो गोड असतो.

आता ओव्हनची अडचण. रोडगे भाजायला निखारे करता तसेच करा. स्टीलच्या वाडग्यात गरम सूप, त्यावर पाव, त्यावर किसलेलं चीज. वाडग्यावर जाड तवा झाकून त्यावर निखारे ठेवा, चार-पाच मिनिटांत चीजला डाग पडतात. काचेचं किंवा चिनीमातीचं भांडं तडकेल. गॅसच असेल तर चीज पावावर घालून झाकणाखाली तव्यावर वितळवा आणि वाढताना सुपावर ठेवा. डाग पडणार नाहीत, पण चव फार कमी होत नाही.