बसचा एसी काढताना आणि पुन्हा भरताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : एक जुनी वातानुकूलित बस घेऊन नाशिकच्या अंबडमधील शेडमध्ये आम्ही तिचे फिरते घर करीत आहोत. टपावर सौर पॅनेल बसवायचे असल्याने एसीचे युनिट उतरवायचे आहे. पाइपचा नट सैल करून गॅस सोडून द्यावा, असे मेकॅनिक म्हणतो. चालेल का?

उत्तर : मुळीच चालणार नाही. अशा बसच्या एसीत गारवा देणारा गॅस बहुधा आर-१३४ए किंवा आर-४०७सी असतो. नेमका कोणता, ते युनिटवरील पाटीवर पाहावे. आर-१३४एचा एक किलो हवेत सोडणे म्हणजे तापमानवाढीच्या हिशेबाने सुमारे १,४०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडणे होय, आणि बसच्या युनिटमध्ये तो काही किलो असतो. शिवाय हा द्रव उणे २६ अंशांना उकळत असल्याने बोटांवर उडाला तर कातडी गोठते, आणि हवेपेक्षा जड असल्याने बंद शेडमध्ये तो जमिनीलगत साचून माणूस गुदमरू शकतो. रिकव्हरी मशीन असलेल्या कारागिराकडूनच गॅस सिलिंडरमध्ये ओढून घ्यावा आणि सिलिंडर ८० टक्क्यांपेक्षा जास्त भरू देऊ नये, कारण उन्हात द्रव फुगतो. दाब दाखवणारा गेज शून्यावर आला की लगेच पाना लावू नये. कॉम्प्रेसरच्या तेलात विरघळलेला गॅस सुटू लागतो आणि काटा पुन्हा वर सरकतो. तो हलेनासा झाल्यावरच नट खोलावेत. युनिट पुढे वापरायचे असेल तर उघडे पडलेले प्रत्येक तोंड तिथल्या तिथे बुचाने बंद करावे. चिंधी कोंबणे म्हणजे बंद करणे नव्हे.

प्रश्न : आमच्या बसमध्ये दोनदा गॅस भरला, तरी महिन्याभरात गारवा जातो. व्हॅक्यूम करताना (पंपाने आतली हवा ओढून काढताना) गेजचा काटा २८ इंचांपुढे जात नाही. पंप खराब आहे का? (एक वाचक, पंचवटी)

उत्तर : पंपाला दोष देऊ नका. पूर्ण व्हॅक्यूमसाठी सांगितला जाणारा ३० इंच हा आकडा समुद्रकाठचा आहे. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने इथे हवेचा दाबच पाऱ्याच्या साधारण २८ इंचांइतका भरतो. काटा त्यापुढे जाणार कसा? मात्र आतला ओलावा गेला की नाही, हे या काट्यावरून कळत नाही. त्यासाठी अगदी कमी दाब मोजणारा मायक्रॉन गेज लावून दाब ५०० मायक्रॉनखाली आणावा, पंपाचा व्हॉल्व्ह बंद करावा आणि आकड्यावर नजर ठेवावी. तो थोडा चढून थांबला तर आत पाणी शिल्लक आहे; चढतच राहिला तर गळती आहे. पावसाळ्यात खोललेल्या युनिटला हे काम करायला बराच जास्त वेळ लागतो, आणि घाईतला कारागीर नेमका इथेच वेळ वाचवतो.

खरा दोष गळतीचा आहे. बंद यंत्रणेतला गॅस वापरून संपत नाही. तो कमी झाला याचा अर्थ कुठून तरी निघून गेला. बसमध्ये इंजिनाजवळच्या कॉम्प्रेसरपासून टपापर्यंत लांबलचक होज जातात आणि हादऱ्यांनी ते पत्र्याच्या कडेवर घासतात. जोडाभोवती तेलकट, धूळ चिकटून काळा पडलेला डाग दिसला तर तिथे साबणाचा फेस लावून पाहावा. कॉम्प्रेसरच्या शाफ्टचे सील आणि जुन्या ओ-रिंग याही नेहमीच्या जागा आहेत. दाबाची चाचणी रेग्युलेटर लावून कोरड्या नायट्रोजननेच करावी. ऑक्सिजनचा कॉम्प्रेसरच्या तेलाशी संबंध आला तर स्फोट होतो. गळती बंद केल्यावर ओलावा शोषणारा ड्रायर नवा बसवावा, कारण उघड्या हवेत जुन्या ड्रायरने आधीच पाणी शोषलेले असते.

गॅस हाताला गारवा लागेपर्यंत भरायचा नसतो. पाटीवरील वजनाप्रमाणे वजनकाट्यावर मोजून भरायचा असतो. आर-४०७सी हे तीन वायूंचे मिश्रण असल्याने गळतीत त्याचे प्रमाण बिघडते. म्हणून वरून भर न घालता उरलेला गॅस काढून घ्यावा आणि सगळा नव्याने, द्रवरूपात भरावा.

प्रश्न : स्वस्त पडतो म्हणून घरगुती एलपीजी भरला तर?

उत्तर : बसमधील कूलिंग कॉइल प्रवाशांच्या डोक्यावर असते. ती गळली तर एक ठिणगी पुरेल. भरू नये.

प्रश्न : जुने युनिट काढून एक टनाचा घरगुती इन्व्हर्टर स्प्लिट लावला, तर बस उभी असताना तो बॅटरीवर चालेल का?

उत्तर : चालेल, पण थोडाच वेळ. पूर्ण जोरावर हा एसी सुमारे एक किलोवॉट घेतो. १२ व्होल्टची १५० अँपिअर-अवर लेड बॅटरी १.८ युनिट वीज साठवते आणि त्यातली निम्मीच वापरणे तिच्या आयुष्यासाठी बरे, म्हणजे जेमतेम एक तास. धावत्या बसमध्ये या एसीच्या तांब्याच्या नळ्या फ्लेअर नटापाशी (नळीचे रुंदावलेले तोंड आवळणाऱ्या नटापाशी) तडकतात. म्हणून दोन्ही युनिटांखाली रबर द्यावे, नळ्यांना क्लॅम्प मारावेत आणि पहिल्या लांबच्या प्रवासानंतर प्रत्येक जोड फेसाने तपासावा.