पहिलीच क्रूझ आहे? मग टिपचा हिशोब आधी करा

अभिनंदन! अमेरिकन क्रूझवर तिकिटाचा आकडा म्हणजे पूर्ण खर्च नव्हे, एवढं पहिल्यांदा मनात पक्कं करा. दर माणशी, दर दिवशी टिप वेगळी लागते, आणि आधी भरली नसेल तर ती जहाजावरच्या तुमच्या बिलात आपोआप जोडली जाते. साध्या केबिनला ती आता साधारण 16 ते 20 डॉलर आहे आणि गेल्या काही वर्षांत वाढतच गेली आहे. 18 डॉलर धरले तरी चौघांच्या सात रात्रींचे 504 डॉलर होतात. मुलांचीही तेवढीच लागते. अगदी तान्ह्या बाळांना काही कंपन्या सूट देतात.

माझं ऐकाल तर बुकिंग करतानाच ती भरून टाका. नंतर दर वाढला तरी आधी भरलेल्यांना बहुतेक कंपन्या जुनाच दर ठेवतात, आणि शेवटच्या दिवशी बिल बघून धक्का बसत नाही.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- बारच्या बिलात 18 ते 20 टक्के आधीच जोडलेले असतात. खाली टिपसाठी रिकामी ओळ दिसली की लोक पुन्हा भरतात. ती कोरी सोडली तरी चालते.
- पैसे वाचवायला जहाजावरच्या काउंटरवर जाऊन बिलातली रोजची टिप काढून टाकणं. कृपा करून हे करू नका. तो पैसा केबिन आवरणाऱ्या, जेवण वाढणाऱ्या माणसांचा असतो, आणि त्यांत आपल्या गोव्याची कितीतरी पोरं आहेत, महिनोन्‌महिने घरापासून लांब.

कुणी खास काळजी घेतली तर त्याच्या हातात वेगळे पाच-दहा डॉलर द्या. सुट्या नोटा घरूनच न्या. स्वीटचे (म्हणजे मोठ्या, महागड्या केबिनचे) टिपचे दर, ड्रिंक पॅकेज वगैरे सध्या राहू द्या.