पद्मिनीचे गंजलेले सुटे भाग सदनिकेत राहून कसे रंगवावेत?

आपण विचारले आहे की, प्रीमियर पद्मिनी या जुन्या मोटारीसाठी जुन्या बाजारातून आणलेल्या दोन रिम, पुढच्या सस्पेन्शनचा एक आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा दांडा), एक ब्रेक ड्रम आणि बॅटरीचा ट्रे हे भाग, गॅरेज नसताना आणि तिसऱ्या मजल्यावर राहत असताना, साफ करून रंगवता येतील का. येतील. माझ्या पद्मिनीचे बरेचसे भाग मी ठाण्यात, सोसायटीची परवानगी काढून, गच्चीवरच रंगवले आहेत. या कामाला छपरापेक्षा कोरडी हवा अधिक लागते आणि गंज निघाल्यापासून प्राइमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, बसेपर्यंतचे काही तास सांभाळावे लागतात.

रंगाचा डबा आणण्यापूर्वी प्रत्येक भाग वापरण्याजोगा आहे की नाही, हे तपासावे. आर्मवर लहान हातोडीने सर्वत्र हलके ठोके द्यावेत. पत्रा शाबूत असेल तेथे खणखणीत आवाज येतो, आणि आतून खाल्ला गेला असेल तेथे बद्द. संशयित जागी जुना स्क्रू ड्रायव्हर जोर देऊन टोचावा. तो आत रुतला, किंवा जोडाजवळ बारीकशी जरी चीर दिसली, तर तो आर्म भंगारात द्यावा. गाडीचा भार पेलणाऱ्या भागातील खड्डे लांबीने, म्हणजे पुट्टीने, बुजवून वरून काळा रंग देणे म्हणजे दोष झाकणे होय, आणि जुन्या बाजारातील ‘तयार’ माल पुष्कळदा असाच असतो. पद्मिनीचे उत्पादन थांबून दोन दशकांहून अधिक काळ लोटला असल्याने भाग टाकून देणे जिवावर येते, हे मी जाणतो. तरीही आर्मच्या बाबतीत तडजोड करू नये.

त्यानंतर तेलकटपणा काढावा. रॉकेल आणि जुना ब्रश घेऊन वंगणाचे थर सोडवावेत, मग भांड्यांच्या साबणाच्या गरम पाण्याने भाग धुवावा. पेट्रोल मात्र अजिबात वापरू नये. ब्रेक ड्रममधील धूळ फुंकर मारून उडवू नये, कारण जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ती ओल्या फडक्याने टिपून फडके पिशवीत बांधून टाकावे. बॅटरीच्या ट्रेवर आम्ल सांडलेले असते, म्हणून त्यावर आधी खाण्याच्या सोड्याचे पाणी ओतावे आणि फेस थांबेपर्यंत ते पुन्हा पुन्हा ओतत राहावे.

सुटणारे पापुद्रे तारेच्या ब्रशने, किंवा ड्रिल मशिनला लावायच्या तारेच्या चक्राने, काढावेत. या वेळी डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण चक्रातून सुटलेली तार सुईसारखी येते. रिमच्या कडा आणि ट्रेचे कोपरे यांत ब्रश पोहोचत नाही. तेथे मी लिंबूसत्त्वाचा, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिडचा, उपयोग करतो. एक लिटर पाण्यात सुमारे ५० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून प्लास्टिकच्या टबात भाग बुडवावा आणि दर दोन-तीन तासांनी बाहेर काढून घासावा. स्प्रिंगा आणि उच्च ताकदीचे बोल्ट आम्लात टाकू नयेत, कारण आम्लक्रियेत सुटणारा हायड्रोजन पोलादात शिरून त्याला ठिसूळ करू शकतो. आर्ममधील रबरी बुश आधी काढून घ्यावेत. ड्रमला तारेचा ब्रश पुरेसा होतो.

आता त्या नाजूक तासांविषयी. आम्लातून निघालेले उघडे लोखंड दमट हवेत पाहता पाहता नारिंगी पडते. एकदा जुलैत मी बंपरचा ब्रॅकेट संध्याकाळी अगदी चकचकीत केला आणि ‘रंग उद्या देऊ’ म्हणून ठेवला. सकाळी त्यावर हळद माखल्यासारखा गंज होता आणि सगळे काम पुन्हा करावे लागले. तेव्हापासून मी हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करतो, सकाळी भाग टबातून काढतो आणि दुपारच्या उन्हात प्राइमर देतो. टबातून काढल्यावर भाग धुण्याच्या सोड्याच्या पातळ पाण्यातून, मग स्वच्छ पाण्यातून काढावा, लगेच पुसावा आणि केस वाळवण्याच्या यंत्राने सांध्यांतील ओल घालवावी. मग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलका हात फिरवून, थिनरने पुसून, पुन्हा बोटांचा स्पर्श होऊ न देता प्राइमर द्यावा. ही घाई वाटेल, पण या कामात हीच एक घाई योग्य आहे.

रेड ऑक्साइड प्राइमरचे दोन पातळ हात ब्रशने दिले तरी चालतात. प्राइमर सच्छिद्र असल्यामुळे त्यावर रंग न देता भाग पावसाळ्यात वापरला, तर खालून गंज पुन्हा सुरू होतो. वरून सिंथेटिक एनॅमलचे दोन हात द्यावेत, मात्र एनॅमलवर नंतर एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा, रंग मारू नये. त्यातील थिनरने खालचा थर सुरकुततो. हार्डनर मिसळायचा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा, रंग गच्चीवर फवारू नये, कारण त्यातील आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असते आणि साधा कापडी मास्क ते अडवत नाही. रंगाची फडकी चुरगळून डब्यात कोंबू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून उघड्यावर पसरून वाळवावीत.

काही जागा रंगाविना सोडणे तितकेच महत्त्वाचे आहे. ड्रमच्या आतील घर्षणाच्या पृष्ठभागाला रंग लागता कामा नये. रिमवर नट बसण्याच्या उतरत्या जागा आणि रिम ड्रमला टेकते तो भाग मास्किंग टेपने झाकावा, कारण तेथे जाड रंग असेल तर तो दाबाने चेपतो आणि घट्ट आवळलेले नट सैल होतात. एनॅमल हाताला काही तासांत कोरडे लागले तरी कठीण व्हायला बरेच दिवस घेते. मी रिम किमान आठवडाभर टांगून ठेवतो, मगच टायर चढवतो, आणि पहिल्या ५० किलोमीटरनंतर नट पुन्हा एकदा आवळतो.