वाचकांचे प्रश्न : पडद्यावरचे पोलिस, पडद्यावरचे वकील

(पोलिसी आणि न्यायालयीन मालिकांमधील नैतिक पेचप्रसंगांविषयी गेल्या अंकात वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेली पत्रे बहुतांशी कोल्हापूर शहर आणि परिसरातील आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे छापलेली नाहीत.)

प्रश्न : मी रात्रीच्या जेवणानंतर नेमाने पोलिसी मालिका पाहते. परवाच्या भागात एका लहान मुलीचे अपहरण होते, पकडलेला संशयित काही केल्या तोंड उघडत नाही. निरीक्षक कॅमेरा बंद करायला सांगतो, त्याला बेदम मारतो आणि मुलगी जिवंत सापडते. मी मनातल्या मनात निरीक्षकाला शाबासकी दिली. विधी शाखेत शिकणारा माझा नातू मात्र म्हणाला, "आजी, हे चूक आहे." कोणाचे बरोबर?
— एक निवृत्त शिक्षिका, राजारामपुरी

उत्तर : बाई, आपल्याला शाबासकी द्यावीशी वाटली यात नवल नाही, कारण ती वाटावी अशीच त्या भागाची रचना असते. पहिल्या काही मिनिटांतच त्या माणसाने मुलीला गाडीत घातलेले आपण पाहिलेले असते. निरीक्षकाने ते पाहिलेले नसते. परंतु आपल्याजवळची खात्री आपण नकळत त्याला देऊन टाकतो, आणि मग त्याचा हात उठला की तो योग्य माणसावरच उठला असे आपल्याला वाटते. तेच सुरुवातीचे दृश्य काढून टाका आणि तोच भाग पुन्हा पाहा. मग एक घाबरलेला माणूस, त्याच्यावर संशय घेणारा एक थकलेला अधिकारी आणि बंद केलेला कॅमेरा एवढेच उरते.

खऱ्या ठाण्यातील स्थिती नेहमी अशीच असते. सप्टेंबर २०१७ मध्ये गुरुग्राम येथील एका शाळेत दुसरीतल्या मुलाचा खून झाला. स्थानिक पोलिसांनी शाळेच्या बसवाहकाला अटक केली आणि त्याने गुन्हा कबूल केल्याचे जाहीर केले. तो स्वतःही प्रसारमाध्यमांसमोर तसे बोलला. पुढे तपास सीबीआयकडे गेला, संशयाची सुई त्याच शाळेतील अकरावीच्या एका विद्यार्थ्याकडे वळली आणि २०१८ मध्ये न्यायालयाने बसवाहकाला आरोपांतून मुक्त केले. त्याच्या कबुलीनंतर तपास तेथेच थांबला असता, तर देशातील बहुतेक प्रेक्षकांनी समाधानाने दूरचित्रवाणी संच बंद केला असता.

म्हणूनच पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. हा नियम आजचा नाही. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात तो इंग्रज सरकारने घातला होता, म्हणजे स्वतःच्याच पोलिसांवर त्या सरकारचा विश्वास नव्हता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तो कलम २३ मध्ये कायम आहे. त्याला एक अपवाद आहे. कोठडीतील आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू किंवा गोष्ट प्रत्यक्ष उघडकीस आली, तर त्या माहितीचा तिच्याशी थेट निगडित असलेला भाग ग्राह्य धरला जातो. आपल्याकडील फौजदारी खटल्यांमध्ये निवेदन पंचनाम्याला, म्हणजे वस्तू काढून देण्याविषयीचे आरोपीचे निवेदन पंचांसमक्ष नोंदवणाऱ्या कागदाला, एवढे महत्त्व येते ते यामुळे. माझ्या मते मारहाणीचा मोह जिवंत राहतो तोही याच अपवादामुळे, कारण शब्द वाया गेले तरी सुरा हाती लागण्याची आशा असते. हा पेच एखाद्या मालिकेने नीट हाताळला तर तो मला फार आवडेल, कारण तेथे कायदा स्वतःच दोन दिशांनी ओढतो.

आता आपला मूळ मुद्दा. मुलीचा जीव धोक्यात असेल तर अधिकाऱ्याने काय करावे? त्याने रात्रभर चौकशी करावी, मोबाइलचे लोकेशन काढावे, नाकाबंदी करावी, शेजारीपाजारी उठवावेत. यापैकी कशालाही कायद्याची आडकाठी नाही. कबुली किंवा माहिती काढण्यासाठी केलेली मारहाण मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० खाली गुन्हा आहे आणि त्यासाठी सात वर्षांपर्यंत, गंभीर दुखापत केल्यास दहा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. एखाद्या अधिकाऱ्याने हे सर्व जाणून हात उचलला, तर दुसऱ्या दिवशी न्यायालयापुढे उभे राहून त्याने "होय, मी मारले" असे सांगण्याची तयारी ठेवली पाहिजे. मालिका नेमकी आदल्या रात्री संपते. दुसऱ्या दिवशी साहेब खोटी स्टेशन डायरी लिहितात का, हवालदाराला खोटा जबाब द्यायला लावतात का, "आरोपी पायऱ्यांवरून पडला" या वाक्याखाली सही कोण करतो, हे आपल्याला कधी दिसत नाही. मला सर्वांत मोठा नैतिक पेच त्या हवालदाराचा वाटतो. त्याला संवाद मात्र दोनच असतात, आणि त्यातला एक "जी सर" असतो.

कॅमेऱ्याचे म्हणाल, तर प्रत्येक पोलिस ठाण्यात सीसीटीव्ही बसवून ते सुरू ठेवावेत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये दिला आहे. नातवाचे म्हणणे बरोबर आहे. शाबासकी द्यायचीच असेल तर ती पटकथाकाराला द्या.

प्रश्न : मालिकांमध्ये अशील वकिलाला खासगीत सांगतो, "खून मीच केला." मग वकील एक तर वकीलपत्र सोडतो, नाही तर भर न्यायालयात त्याच अशिलाला उघडे पाडतो आणि टाळ्या मिळवतो. उद्या मी वकिली सुरू केल्यावर असा प्रसंग आला तर मी काय करावे?
— विधी शाखेचा विद्यार्थी, शाहूपुरी

उत्तर : टाळ्या मिळवू नयेत. अशिलाने व्यवसायाच्या ओघात विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीशिवाय उघड करण्यास साक्ष्य अधिनियमाचे कलम १३२ मनाई करते, आणि वकीलपत्र संपल्यानंतरही हे बंधन सुटत नाही. जो वकील पडद्यावर नायक ठरतो, त्याला प्रत्यक्षात बार कौन्सिलच्या शिस्तभंगाच्या कारवाईला तोंड द्यावे लागेल. आरोपी दोषी आहे की नाही याविषयी वकिलाचे वैयक्तिक मत काहीही असले, तरी त्याने त्याचा बचाव केला पाहिजे, कारण पुरेशा पुराव्याशिवाय कोणालाही शिक्षा होऊ नये अशी अपेक्षा करणाऱ्या कायद्याशी त्याची निष्ठा असते, असे भारतीय बार कौन्सिलचे नियम सांगतात. "आमच्या गावात या आरोपीचे वकीलपत्र कोणीही घेणार नाही" असे ठराव वकील संघटना अधूनमधून करतात. ते घटनेच्या विरोधात आहेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितले आहे.

बचाव करायचा म्हणजे काहीही करायचे असा त्याचा अर्थ नाही. सरकार पक्षाच्या साक्षीदाराची उलटतपासणी घ्या, पंचनाम्यातील विसंगती दाखवा, पुरावा अपुरा आहे असा युक्तिवाद करा. परंतु अशिलाने कबुली दिल्यानंतर तो त्या रात्री रंकाळ्यावर फिरत होता असे सांगणारा बनावट साक्षीदार उभा करू नका. "सरकार पक्षाने गुन्हा सिद्ध केलेला नाही" हे वाक्य तुम्ही प्रामाणिकपणे उच्चारू शकता. "माझा अशील तेथे नव्हता" हे मात्र उच्चारू शकत नाही. वकिलाची सारी नीती या दोन वाक्यांमधल्या अंतरात सामावलेली आहे, आणि मालिकांना ते अंतर दाखवणे अवघड जाते, कारण त्यात नाट्य कमी आणि संयम जास्त आहे. अशील तुम्हाला सुरा लपवायला सांगू लागला, किंवा पुढचा गुन्हा करण्यासाठी तुमची मदत मागू लागला, तर गोपनीयतेचे संरक्षण तेथेच संपते.

या नियमाची किंमत किती असू शकते हे शिकागोमधील एका प्रकरणात दिसते. १९८२ मध्ये ऑल्टन लोगन या माणसाला एका खुनासाठी अटक झाली आणि पुढे जन्मठेप झाली. तो खून आपण केला असे दुसऱ्याच एका आरोपीने आपल्या दोन वकिलांना सांगितले होते. अशिलाच्या हयातीत ते बोलू शकत नव्हते. त्यांनी शपथपत्र लिहून मोहोरबंद करून ठेवले आणि अशिलाच्या मृत्यूनंतर ते उघड करण्याची संमती त्याच्याकडून मिळवली. तो अशील २००७ मध्ये मरण पावला आणि लोगन २००८ मध्ये, सव्वीस वर्षांच्या कारावासानंतर, सुटला. ते दोन वकील बरोबर वागले का? नियमाने बरोबर वागले. मला स्वतःला त्या जागी झोप लागली नसती, आणि आपल्या कलम १३२ मध्येही निरपराध माणसाला वाचवण्यासाठी म्हणून कोणताही अपवाद नाही. असा अपवाद असावा या मताचा मी आहे. पण तो विधिमंडळाने करावा, एकेका वकिलाने आपापल्या सदसद्विवेकाप्रमाणे नव्हे, कारण मग कोणताही अशील वकिलाला खरे सांगणार नाही.

प्रश्न : अमेरिकन मालिकेत पोलिसांनी वॉरंटशिवाय घेतलेल्या झडतीत सापडलेले पिस्तूल न्यायाधीश पुराव्यातून काढून टाकतात आणि खुनी सुटतो. आपल्याकडेही असेच होते का?
— एक वाचक, उद्यमनगर

उत्तर : सहसा होत नाही. अमेरिकेतील राज्यांच्या न्यायालयांना हा नियम १९६१ च्या मॅप विरुद्ध ओहायो या निकालाने लागू झाला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ च्या पूरणमल प्रकरणात नेमकी वेगळी भूमिका घेतली : पुरावा खटल्यातील मुद्द्याशी संबंधित असेल तर केवळ झडती बेकायदा होती म्हणून तो बाद होत नाही, न्यायालय त्याकडे अधिक सावधपणे पाहते इतकेच. म्हणून हा पेच जशाच्या तसा उचलून हिंदी किंवा मराठी वेब मालिकेत आणला की तो खोटा वाटतो. आपला खरा प्रश्न उलट बाजूचा आहे. बेकायदा झडती घेऊनही पुरावा टिकत असेल, तर पोलिसांनी नियम का पाळावा? त्यावर मालिका लिहिणारा अजून मला भेटलेला नाही.

प्रश्न : मालिकेत टोळीतील एकाला "तू सगळे सांग, मी तुला सोडतो" असे म्हणून निरीक्षक माफीचा साक्षीदार करतात. गुन्ह्यात सहभागी असलेला माणूस मोकळा सुटणे न्याय्य आहे का?
— एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : हा प्रश्न कोल्हापुरातून यावा हे स्वाभाविक आहे. लहान मुलांना पळवून, चोऱ्यांसाठी वापरून, नंतर ठार मारल्याचे १९९६ मध्ये उघडकीस आलेले गावित मायलेकींचे प्रकरण इथल्या न्यायालयात चालले, आणि आईच्या मृत्यूनंतर दोन्ही बहिणींना २००१ मध्ये फाशीची शिक्षा झाली. त्या खटल्यात एका बहिणीचा पती माफीचा साक्षीदार होता. त्याची साक्ष नसती तर त्या घराच्या चार भिंतींआड काय घडले हे न्यायालयापर्यंत कितपत पोहोचले असते, याची मला शंका आहे.

पहिली दुरुस्ती अशी की माफी निरीक्षक देत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४३ आणि ३४४ खाली ती न्यायदंडाधिकारी किंवा न्यायालय देते, आणि साक्षीदाराने आपल्या सहभागासह सर्व काही खरे सांगितले पाहिजे ही तिची अट असते. त्याने काही लपवले किंवा खोटे सांगितले तर माफी जाते आणि खटला त्याच्यावरच चालू शकतो. शिवाय महत्त्वाच्या तपशिलांना इतर पुराव्याने दुजोरा मिळाल्याशिवाय न्यायालये अशा साक्षीवर सहसा विसंबत नाहीत.

एवढे सगळे असूनही मनात खटकायचे ते खटकतेच. कोण सुटणार हे त्याच्या अपराधाच्या वजनावरून ठरत नाही. कोणाला सर्वांत जास्त माहिती आहे आणि कोण आधी बोलायला तयार होतो, यावरून ठरते. हा सौदा आहे, आणि मृत मुलांच्या आईवडिलांना त्याबद्दल कोणी विचारत नाही. मी तो स्वीकारतो, कारण दुसरा पर्याय सर्वांनीच सुटण्याचा असतो; परंतु त्याला न्याय म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दोन्ही बहिणींची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कायम केली होती. पुढे दयेच्या अर्जावरील निर्णयाला सरकारकडून झालेल्या अवाजवी विलंबामुळे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये तिचे जन्मठेपेत रूपांतर केले. पटकथाकाराला पेच हवेच असतील तर या एका प्रकरणात तीन-चार आहेत, आणि त्यांपैकी एकातही पिस्तूल नाही.

प्रश्न : "तू दोषी आहेस हे मला ठाऊक आहे, पण पुराव्याअभावी मी हतबल आहे," असे मालिकेतील न्यायाधीश म्हणतात. खरे न्यायाधीश इतके हतबल असतात का?
— एक व्यापारी, लक्ष्मीपुरी

उत्तर : ते वाक्य खऱ्या निकालात आले, तर वरिष्ठ न्यायालय ते वाचून चकित होईल. न्यायाधीशांना पुराव्याबाहेरचे काही "ठाऊक" असणे हीच मुळात अडचण आहे; तसे असेल तर त्यांनी ते प्रकरण दुसरीकडे वर्ग करण्यास सांगावे. पुराव्याच्या चौकटीत मात्र ते मुळीच हतबल नसतात. साक्ष्य अधिनियमाच्या कलम १६८ नुसार ते कोणत्याही साक्षीदाराला कोणताही प्रश्न विचारू शकतात आणि आवश्यक वाटल्यास नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४८ नुसार राहून गेलेला साक्षीदार स्वतः बोलावू शकतात. साक्षीदारांमागून साक्षीदार फितूर होत असताना न्यायालयाने नुसते बघत बसू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने गुजरात दंगलीतील बेस्ट बेकरी हत्याकांडाच्या प्रकरणात २००४ मध्ये बजावले. साक्षीदार संरक्षण योजनाही २०१८ पासून आहे. तिचा उपयोग किती होतो हा वेगळा विषय.

आपल्याला उत्सुकता असेल तर एकदा प्रत्यक्ष पाहून या. फौजदारी खटले खुल्या न्यायालयात चालतात. लैंगिक अत्याचारांची प्रकरणे मात्र बंद दालनात चालवली जातात. ऑगस्ट २०२५ मध्ये भाऊसिंगजी रस्त्यावर सुरू झालेल्या उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचमध्ये मुख्यतः वकिलांचे युक्तिवाद कानी पडतील. साक्षीदाराची उलटतपासणी ऐकायची असेल तर कसबा बावडा रस्त्यावरील जिल्हा न्यायालयात, सत्र न्यायाधीशांच्या दालनात सकाळच्या सत्रात जाऊन मागच्या बाकावर बसावे. मोबाइल बंद ठेवावा, आणि पहिल्या दिवशी केवळ पुढची तारीख पडली तर निराश होऊ नये.