आधी मला सांग, शंका कोणती?

प्रिय मित्रा,

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तू करतोयस त्या सायकॉलॉजिकल थ्रिलरच्या ट्रेलरची फाइल मिळाली. शॉटलिस्ट, मूडबोर्ड (तुझ्या दृश्यांच्या धाटणीची चित्रं), गूगल फॉर्मचे निकाल आणि सगळ्याच्या खाली तो रडकुंडीला आलेला परिच्छेद: 'मॅडम, फॉर्ममध्ये सगळ्यांना जंप स्केअर, म्हणजे अचानक दचकवणारे शॉट, हवेत, सर म्हणतात टार्गेट ऑडियन्स पंधरा ते पंचवीस लिही, ग्रुपमधले म्हणतात शेवटी मेंटल हॉस्पिटलचा कॉरिडॉर टाकू. मला काही सुचेनासं झालंय.'

कौतुक करणारे तुला वर्गात भेटतील, त्यामुळे मी त्यात वेळ घालवत नाही. तुला हे काम मनापासून करायचंय आणि नुसते मार्क नकोयत, एवढं धरून लिहितेय.

तुझ्या यादीत आरसा आहे, मान मोडलेली बाहुली आहे, बेसिनमध्ये रक्त आहे, जिन्यावरून धावणारे पाय, गोळ्यांची बाटली, खिडकीवर पाऊस. आणि एकोणिसाव्या नंबरवर, 'जमलं तर' असं लिहून, एक शॉट: वाड्याच्या मालकीणबाई नायिकेला भलत्याच नावानं हाक मारतात. अरे, जमलं तर? तोच तुझा ट्रेलर आहे! बाकीचं सगळं तू दहा ठिकाणी पाहिलेलं उचललंयस. हा एकच शॉट तुझ्या घरचा आहे.

नीट बघ त्यात काय आहे. जुन्या नाशकातल्या वाड्यात वरच्या खोलीत पेइंग गेस्ट म्हणून आलेली मुलगी. मालकीणबाई तिला 'कुमुद' म्हणतात. ती हसून आपलं नाव सांगते. दुसऱ्यांदा 'कुमुद' येतं, तेव्हा ती दुरुस्त करायचा कंटाळा करते. तिसऱ्यांदा खालच्या चौकातून हाक येते आणि ही वरून म्हणते, 'आले हं.' बस्स. बाई विसरभोळ्या झाल्यात? की या मुलीचं काहीतरी सुटत चाललंय? कुठूनही विचार केलास तरी बघणारा एकाच ठिकाणी येऊन अडकतो: ही मुलगी नक्की कोण?

शंका एकच. हे वाक्य शॉटलिस्टच्या माथ्यावर मोठ्या अक्षरात लिही आणि त्याखाली ती शंका लिही, प्रश्नचिन्हासकट. मग एकेक शॉट घे आणि विचार, हा त्या शंकेला खतपाणी घालतो का? बाहुली घालते? नाही. तिला काढ. रक्त घालतं? रक्तानं उलट शंका मिटते, कारण रक्त दिसलं की लोकांना खून झाला असं वाटतं आणि ते खुनी शोधायला लागतात. मग तो वेगळा सिनेमा झाला. जिन्यावरचे पाय का आहेत, हे तुलाही माहीत नाही, खरं सांग.

तुझा गोंधळ भयपट आणि सायकॉलॉजिकल थ्रिलर यांच्यात झालाय. भयपटात भीती बाहेरून येते. दार वाजतं, सावली हलते, आणि आपण नायिकेच्या बाजूला उभे राहून घाबरतो. तुझ्या प्रकारात नायिकेच्या डोळ्यांवर, तिच्या आठवणीवर विश्वास ठेवावा की नाही हेच कळत नाही, आणि आपण तर तिच्याच डोळ्यांनी बघत असतो. म्हणून जंप स्केअर इथे महागात पडतो. एकदा दचकवलंस की माणूस दुसऱ्या दचक्याची वाट बघत बसतो, मुलीकडे बघत नाही. फॉर्ममध्ये बहुतेकांनी जंप स्केअरवर टिक केली म्हणतोस. करणारच. 'तुम्हाला थ्रिलरमध्ये काय आवडतं?' असं विचारल्यावर माणूस आधी आवडलेलंच सांगतो. न पाहिलेलं तो कसं सांगेल?

आता प्रेक्षक. पंधरा ते पंचवीस हा प्रेक्षक झाला का? त्यात दहावीचा मुलगा आला, लग्न झालेली मुलगी आली, एमपीएससीचा अभ्यास करणारा आला. यांना एकत्र बसवून कोणती शंका पेरणार आहेस? आणि तुझ्या सरांना माझ्यातर्फे नम्रपणे एक विचार. सिनेमा कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे यूए, म्हणजे लहानांनी पालकांच्या सल्ल्यानं बघायच्या सिनेमाच्या प्रमाणपत्राचे तीन भाग झाले: ७+, १३+ आणि १६+. वर फक्त प्रौढांसाठीचा ए आहेच. बेसिनभर रक्त आणि नस कापल्याचा क्लोजअप ठेवून ए मिळाला, तर तुमच्या पंधरा ते पंचवीसमधले खालचे सगळे थिएटरच्या दाराबाहेर. कॉलेजचा प्रोजेक्ट सेन्सॉरला जात नाही हे मलाही कळतं. पण प्रेक्षक ठरवायचा तर प्रमाणपत्रही डोक्यात ठरवायला हवं, नाहीतर वयोगट लिहून उपयोग काय?

तुझा प्रेक्षक मला तुझ्याच गोष्टीत दिसतो. घर सोडून शिकायला आलेली, पीजीत राहणारी मुलगी. तिला मालकीणबाईंच्या चपलांचा आवाज ओळखू येतो. कपाट कुणीतरी उघडून परत लावलंय, हे तिला हँगरच्या दिशेवरून कळतं. रात्री उशीर झाला की जिन्यात कोणता दिवा लागेल हे तिला पाठ असतं. आणि दुसरी प्रेक्षक तिची आई, जी रोज रात्री फोनवर 'जेवलीस का' विचारते आणि आवाजावरून काहीतरी बिनसलंय का ते ताडते. तेव्हा ते फॉर्म बंद कर. कॉलेज रोडला, गंगापूर रोडला पीजीत राहणाऱ्या दोन-चार मुलींशी बोल. तुझ्या ग्रुपमधली मैत्रीण सोबत ने, एकटा जाऊन प्रश्न विचारू नकोस. आणि आवडीनिवडी विचारू नकोस. विचार, पहिल्या रात्री दार कसं लावलंस? मालकिणीच्या कोणत्या गोष्टीचा राग गिळलास? घरी काय सांगितलं नाहीस? त्यांच्या उत्तरांतून तुला शॉट मिळतील. माझं ऐक, एक तरी असा मिळेल की तू मूडबोर्ड फेकून देशील.

थ्रिलरचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक याची मुलाखत पाहिलीस असं लिहिलंयस. मुलाखतीआधी 'सायको'चा ट्रेलर बघ, १९६० चा. सहा मिनिटांहून मोठा आहे, आज कुणी तेवढा बघणार नाही, पण तू बघ. हिचकॉक स्वतः मोटेल आणि मागच्या घरातून हिंडतो, गाइडच्या थाटात, आणि इथे काय झालं ते सांगता सांगता वाक्य अर्धवट सोडतो. शेवटी न्हाणीघराचा पडदा सर्रकन ओढला जातो आणि बाई किंचाळते. ती सिनेमात त्या न्हाणीघरात असलेली जॅनेट ली नव्हेच, टोप घातलेली व्हेरा माइल्स आहे. सिनेमातले प्रसंग त्यात जवळपास नाहीतच. ट्रेलर वेगळा विचार करून, वेगळा शूट केलेला.

तुझं तर त्याहून सोपं आहे, कारण तुझा सिनेमा अस्तित्वातच नाही. फक्त ट्रेलर करायचाय. विद्यार्थी इथेच फसतात. सिनेमा नाही म्हणून गोष्टही अर्धवट ठेवतात, आणि मग गूढ म्हणून जे दाखवतात तो त्यांचा स्वतःचा गोंधळ असतो. बघणाऱ्याला तो लगेच कळतो. तेव्हा पूर्ण गोष्ट लिही, एका पानात, शेवटासकट. कुमुद कोण होती, तिचं काय झालं, मुलगी 'आले हं' का म्हणाली, सगळं. तुला उत्तर पक्कं माहीत असलं की कॅमेरा कुठे ठेवायचा आणि काय झाकायचं ते कळतं. आणि ते उत्तर ट्रेलरच्या आसपासही फिरकू द्यायचं नाही.

यावर तुझा मित्र म्हणेल, हल्ली सगळे ट्रेलरमध्ये सगळं दाखवतात आणि सिनेमे चालतातही. बरोबर आहे. २००० साली 'व्हॉट लाइज बिनीथ'च्या ट्रेलरनं नवऱ्याचं गुपित आधीच फोडलं होतं, तरी सिनेमा धो धो चालला. दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिसनं अशा ट्रेलरांचं समर्थनच केलं: काय बघायला मिळणार हे लोकांना आधी कळायला हवं असतं. मला हा युक्तिवाद मराठीत ऐकवणारे निर्माते भेटलेत. एकानं तर हट्टच धरला की ट्रेलरच्या शेवटी गुन्हेगाराचा चेहरा हवा, कारण तो नट सगळ्यात महाग होता. 'पैसे मोजलेत मॅडम, दिसायला नको?' मी नाही म्हटलं. त्यांनी ट्रेलर माझ्याकडून काढून दुसऱ्याकडे दिला आणि चेहरा लावला. सिनेमा ट्रेलरमुळे पडला असं मी म्हणत नाही. खरं तर म्हणते. आजही म्हणते. ज्यानं पहिल्या दृश्यापासून त्या नटाकडे संशयानं बघितलं, त्याला पुढचे दोन तास कशासाठी बसवलंत?

माझ्याबद्दल लोक बोलतात ते तुझ्याही कानावर आलं असेल. आयुष्यभर प्रोमोच कापत बसली, स्वतःचा सिनेमा केला नाही. नाही केला, खरंय. माझी संहिता कपाटात आहे आणि तिची आठवण आली की त्रास होतो, तोही खरा. पण मालिकेच्या वीस मिनिटांतून तीस सेकंद काढायचे आणि स्वयंपाकघरात पोळ्या लाटणाऱ्या बाईला लाटणं हातात धरून टीव्हीसमोर आणायचं, हे कमी प्रतीचं काम आहे असं मला कुणी पटवू शकलेलं नाही. त्या बाईला मी दर वेळी एकच शंका द्यायचे. दोन दिल्या की ती परत पोळीकडे वळायची. असो. विषय तुझा आहे.

गोळ्यांची बाटली आणि हॉस्पिटलचा कॉरिडॉर. दोन्ही काढ, आणि यावर वाद नको. गोळ्या दिसल्या की बघणारा म्हणतो, 'अच्छा, वेडी आहे,' आणि शंका संपली. शिवाय त्या गोळ्या रोज घेऊन कॉलेजला येणारी, नोकरी करणारी माणसं तुझ्याच वर्गात आहेत. त्यांनी तुझा ट्रेलर बघून काय समजायचं? स्किझोफ्रेनियावर २००४ सालीच 'देवराई'सारखा शहाणा, मायेचा सिनेमा मराठीत होऊन गेलाय. त्यानंतर वीस वर्षांनी आपण पुन्हा गोळ्या दाखवून भीती विकायची? मला राग येतो याचा.

शूटिंगचं सांगते. तीन हाका, तीन वेळा: सकाळ, दुपार, तिन्हीसांज. तिन्ही वेळा कॅमेरा त्याच जागी, त्याच उंचीवर, लेन्सही तीच. जमिनीवर टेप लावून खुणा कर, आठवणीवर विसंबू नकोस. चौकातून वर येणारा उजेड बदलेल, तेवढा बदल पुरे. वाड्यात दिवे लावून 'हॉरर निळा' करायचा मोह होईल. करू नकोस. पहिल्या दोन हाकांत ती मान वर करते, तिसऱ्या हाकेला करत नाही, केस विंचरतानाच उत्तर देते. अभिनेत्रीला 'विचित्र हस' वगैरे सांगू नकोस. तिला सांग, आईनं हाक मारल्यावर घरी जसं म्हणतेस तसं म्हण.

मालकीणबाईंचा चेहरा दाखवायचा की नाही, यावर मी दोन दिवस विचार करतेय. पदराचं टोक आणि आवाज पुरेल असं माझं मत आहे. पण तू ठरव, हे तुझं आहे.

आवाजाकडे तुझं लक्ष अजिबात नाही. 'डार्क बास ड्रोन', म्हणजे खालच्या सुरातली सलग घुमघुम, असं लिहिलंयस. हे लोक बघणार कुठे? फोनवर, बसमध्ये, बरेचदा इअरफोनशिवाय. फोनच्या बारक्या स्पीकरवर खालचे सूर जवळपास ऐकूच येत नाहीत, तुझा ड्रोन तिथे मेला. त्यापेक्षा तांब्या फरशीवर ठेवल्याचा आवाज, कडीचा आवाज, फणीचा आवाज घे. हे फोनवरही चिरत येतात. प्रत्येक जागी सगळ्यांना गप्प बसवून मिनिटभर नुसती खोली रेकॉर्ड कर, एडिटला बसलास की मला दुवा देशील. काही जण आवाज बंद ठेवूनच बघतील, म्हणून हाकेचे शब्द पडद्यावर येऊ देत. सिनेमातलं उचललेलं संगीत मात्र लावू नकोस, यूट्यूब पकडतं.

लांबी सव्वा मिनिट. कॉलेजनं दोन मिनिटं दिलीत म्हणून ती भरायलाच हवीत असं कुणी सांगितलं?

रफ कट, म्हणजे पहिलं कच्चं संकलन, झाला की पाच जणांना दाखव. ग्रुपमधले नकोत. आधी काही समजावू नकोस, नंतर 'आवडला का' विचारू नकोस. फक्त विचार, 'काय चाललंय असं वाटतं?' आणि ते म्हणतील ते जसंच्या तसं लिहून घे. 'भुताचं काहीतरी' म्हणाले, तर तू भयपट केलायस. 'म्हातारीनं मारलं कुणालातरी' म्हणाले, तर कुठेतरी रक्त राहिलंय. 'तिचं नाव नक्की काय आहे?' असं उलट तुलाच कुणी विचारलं, तर तो कट लॉक कर, म्हणजे पक्का ठरव, आणि कुणाचंही ऐकू नकोस, माझंसुद्धा.

रविवारपर्यंत दोन गोष्टी पाठव: शेवटासकट गोष्टीचं एक पान, आणि नवी शॉटलिस्ट, चौदा शॉटांच्या आत. पंधरावा दिसला तर मी फाइल न वाचता परत पाठवीन. वाड्याच्या मालकांची परवानगी लेखी घे, तोंडी 'या की' वर जाऊ नकोस, आणि शूटिंगला शेजाऱ्यांनाही आदल्या दिवशी सांगून ठेव. दुपारी फोन करू नकोस, एडिटवर असते. रात्री नऊनंतर कर.

तुझी,
मॅडम