व्हिडिओ पोकरच्या नोंदी ठेवून खेळ सुधारतो का? नेमकं काय लिहून ठेवावं?

तुम्ही म्हणता की प्रत्येक बैठकीनंतर किती जिंकलो, किती हरलो हे वहीत मांडता, पण त्यावरून खेळ सुधारतोय की बिघडतोय हे कळत नाही. कळणारही नाही. खिशाच्या हिशेबासाठी तो आकडा जरूर ठेवा, पण तुम्ही कसे खेळलात याबद्दल तो जवळजवळ मुका असतो.

व्हिडिओ पोकरमध्ये मशीन पाच पत्ते देतं, हवे ते ठेवून बाकीचे एकदा बदलायचे आणि शेवटी जमलेल्या पत्त्यांवर पैसे मिळतात. त्यातल्या जॅक्स ऑर बेटरचं (किमान गुलामांच्या जोडीपासून पैसे देणारा प्रकार) ९/६ मशीन घ्या, म्हणजे फुल हाउसला (तीन एकसारखे आणि दोन एकसारखे पत्ते) ९ आणि फ्लशला (पाचही एकाच रंगाचे, उदा. सगळे बदाम) ६ पट देणारं. एका डावावर लावलेली रक्कम १ धरू. प्रत्येक डाव बिनचूक खेळलात तर परतावा ९९.५४ टक्के, म्हणजे १०,००० डावांमागे सरासरी तोटा ४६. आणि तेवढ्याच डावांत निव्वळ नशिबाने होणारा चढउतार (प्रमाण विचलन) साधारण ४४०. त्यातही रॉयल फ्लश (एकाच रंगाचे दश्शी ते एक्का) सरासरी ४०,००० डावांत एकदा लागतो आणि परताव्यातले जवळपास २ टक्के एकटा तोच देतो. एवढे डाव खेळूनही तो एकदाही न लागण्याची शक्यता ३७ टक्के आहे. मग महिनाभराच्या जमाखर्चातून कौशल्य कसं वाचणार?

मी वहीत मुख्यतः शंकेचे डाव लिहितो. पत्ते आले, काय ठेवायचं याबद्दल क्षणभर अडखळलो, की तो डाव टिपायचा: पाचही पत्ते, मी काय ठेवलं, बस्स. पुढे काय आलं ते लिहायचं नाही. आणि हे मुद्दाम. चुकीचा पत्ता ठेवून फुल हाउस लागला की तो निर्णय आपल्याला शहाणपणाचा वाटायला लागतो. घरी आल्यावर सरावाच्या सॉफ्टवेअरमध्ये तेच पाच पत्ते घालायचे. ते ठेवण्याच्या सगळ्या ३२ पद्धतींची सरासरी किंमत दाखवतं.

उदाहरणार्थ, बदामाची २, ४, ७, ९ आणि इस्पिकची ७. बरेच जण सत्त्यांची जोडी धरतात, कारण हातात काहीतरी 'आलेलं' सोडवत नाही. चार बदाम ठेवले तर उरलेल्या ४७ पत्त्यांत ९ बदाम आहेत, फ्लशला ६ पट, म्हणजे ५४ भागिले ४७, साधारण १.१५. लहान जोडीची किंमत ०.८२. दर वेळी ०.३३ चं नुकसान. हीच जोडी गुलामांची असती तर मात्र जोडीच ठेवायची, तिची किंमत १.५४ आहे. दुसरा वाकडा डाव: दोन दश्शा, गुलाम, राणी, राजा, आणि एका रंगाचे दोनपेक्षा जास्त पत्ते नाहीत. एरवी चार सलग पत्त्यांपेक्षा लहान जोडी बरी, पण इथे राजा-राणी-गुलाम जोडीत येण्याचीही आशा असल्याने चार सलग पत्ते ०.८७ ला जातात आणि दश्शांना मागे टाकतात.

प्रत्येक चुकीपुढे एक अक्षर टाका: नियम माहीतच नव्हता, माहीत होता पण घाई झाली, की पत्ता चुकीचा वाचला. पहिल्या प्रकाराला अभ्यास हे औषध आहे, बाकीच्या दोघांना नाही. शेजारी वेळ लिहिलीत तर लक्षात येईल की घाईच्या चुका बहुधा बैठकीच्या शेवटी गर्दी करतात. मग बैठक छोटी करायची. त्यावर आणखी पुस्तकं वाचून उपयोग नाही.

प्रत्येक खेळाला वेगळं पान ठेवा. ९/६ डबल डबल बोनस या दुसऱ्या प्रकारात तीन एक्क्यांचा फुल हाउस मोडून नुसते एक्के ठेवणं बरोबर असतं. जॅक्स ऑर बेटरमध्ये तेच केलंत तर चक्क चूक. दोन्हींच्या नोंदी एकत्र झाल्या की काहीच हाती लागत नाही.

डावांची संख्या मोजत बसू नका. लावलेली एकूण रक्कम माहीत असेल तर तिला एका डावाच्या रकमेने भागलं की झालं. पाच नाणी (म्हणजे पूर्ण बाजी) लावली होती का तेही लिहा, कारण रॉयलला ८०० पट फक्त तेव्हाच मिळते, एरवी २५०.

आणि पे-टेबल, म्हणजे कशाला किती पट मिळते याचा मशीनवरचा तक्ता. लोक हा रकाना कंटाळून सोडतात, मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. तासाला ६०० डाव धरा. ९/६ वर बिनचूक खेळाचा अपेक्षित तोटा तासाला २.८ च्या आसपास. वरची ०.३३ वाली चूक तासात दोनदा केलीत तर त्यात ०.६६ ची भर पडेल. आता चूक एकही करू नका, पण शेजारच्या ८/५ मशीनवर बसा: परतावा ९७.३ टक्के, तोटा तासाला १६. ६/५ वर ३०. दिसायला तिन्ही मशीन सारखीच असतात. तेव्हा जुनी वही फेकू नका. कुठल्या बैठकीत कुठलं मशीन होतं हे अजून आठवत असेल तर आधी तेवढं भरून काढा, मग शंकेच्या डावांकडे वळा.